ऐकण्याच्या खोलीची किंमत

गाणें वाजविणाऱ्या यंत्राची किंमत विचारण्यास कोणी संकोच करीत नाहीं. दुकानांत ती चिठ्ठीवर लिहिलेलीच असते. परंतु तें यंत्र ज्या खोलींत ठेवावयाचें त्या खोलीची किंमत सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलीच तर दुकानदारास ती सांगतां येत नाहीं. गेल्या दीडशें वर्षांत युरोप व अमेरिकेंत कांहीं हौशी माणसांनीं केवळ ऐकण्यासाठीं म्हणून घरांत एक दालन वेगळें राखलें. यंत्रावर किती खर्च येईल याचा त्यांचा अंदाज बहुधा बरोबर आला. चुकला तो भिंतींपाशीं. असें कां व्हावें, याचा शोध घेऊं गेल्यास तो इतिहास राजवाड्यांतून निघून एका विद्यापीठाच्या व्याख्यानगृहांत आणि तेथून थेट आपल्या बैठकीच्या गादीपर्यंत येऊन पोंचतो.

या हौसेचा सर्वांत राजेशाही नमुना म्हणजे बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग. रिचर्ड वागनेर या संगीतकाराचा हा आश्रयदाता लोकांच्या नजरांना अगदीं विटलेला होता. नाट्यगृहांतील मंडळी रंगभूमीकडे न पाहतां आपल्याकडेच दुर्बिणी रोखून बसतात, ही त्याची तक्रार होती. तिच्यावर त्यानें जो उपाय योजिला तो राजालाच शोभणारा होता. १८७२ पासून १८८५ पर्यंत म्युनिकच्या दरबारी नाट्यगृहांतून त्यानें नाटकें, संगीतिका व नृत्यें मिळून २०९ प्रयोग केवळ स्वतःसाठीं करविले. नट तेच, वादक तेच, दिवे तेच. फक्त खुर्च्या रिकाम्या. रिकाम्या खुर्च्यांनीं आवाजांत काय फरक पडतो हें त्या काळीं कोणास मोजतां येत नव्हतें. राजाला तें जाणवत होतें कीं नाहीं, कोण जाणे!

याच राजानें नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्यांत ‘गायकांचें दालन’ म्हणून एक भव्य सभागृह बांधविलें. परंतु राजाच्या हयातींत त्या दालनांत एकदांही गायन झालें नाहीं. १८८६ सालीं तो मरण पावला तेव्हां, मुख्यतः अशा बांधकामांपायीं, त्याच्या डोक्यावर सुमारें एक कोटि चाळीस लक्ष मार्कांचें कर्ज होतें. तेथें पहिली मैफल झाली ती १९३३ सालीं, वागनेरच्या मृत्यूस पन्नास वर्षें झालीं त्या निमित्तानें. ऐकण्याच्या दालनावर एवढा खर्च होऊन इतकें कमी ऐकलें गेल्याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

राजांचा काळ ओसरला तेव्हां संगीत तारेवरून घरांत येऊं लागलें होतें. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेराचें गायन टेलिफोनच्या तारांनीं आणून लोकांस दोन्ही कानांनीं ऐकविलें, आणि पुढें त्यावर ‘तेआत्रोफोन’ नांवाचा वर्गणीचा व्यवसाय उभा राहिला. या वर्गणीदारांतील सर्वांत प्रसिद्ध नांव कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याचें. दम्यानें जर्जर झालेला हा लेखक बुलव्हार ओसमानवरील आपल्या घरांत दिवसा झोपे व रात्रीं लिही. रस्त्याचा गोंगाट त्याला सोसवेना, म्हणून १९१० सालीं त्यानें आपल्या शयनगृहाच्या भिंतींना बुचाचे तक्ते ठोकून घेतले. १९११ मध्यें तेआत्रोफोनची वर्गणी भरली आणि बिछान्यांत पडल्या पडल्या दब्युसीची संगीतिका कानाशीं धरून ऐकली. तरीही त्याचें मन भरलें नाहीं. १९१६ सालीं, महायुद्ध चालूं असतां, त्यानें गास्तों पूले याच्या चार वादकांच्या संचास रात्रीं उशिरा घरीं आणविलें, सेझार फ्रांकची रचना वाजवून घेतली आणि ती संपतांच पुन्हां वाजविण्याची विनंति केली. एका माणसासाठीं चार वादक, तेही युद्धकाळांतील मध्यरात्रीं! पुढें १९१९ सालीं ती इमारत एका बँकेस विकली गेली आणि प्रूस्तला ती खोली सोडावी लागली. वादकांचे पैसे खर्च होऊन आठवण राहिली. 

प्रूस्तच्या बुचाविषयीं एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण आजही घरोघर तीच गफलत होते. आवाज शोषणें आणि आवाज अडविणें हीं दोन अगदीं निरनिराळीं कामें आहेत. बूच, कापूस, लोकर, गालिचे हे पदार्थ खोलींतल्या खोलींत फिरणारा आवाज गिळतात; बाहेरच्या गाडीचा खडखडाट ते थांबवीत नाहींत. तो थांबतो वजनानें. भिंतीचें वजन दुप्पट केलें तर पलीकडे जाणारा आवाज सुमारें सहा डेसिबलांनीं उतरतो. परंतु आवाज निम्मा झाला असें कानाला वाटण्यासाठीं तो दहा डेसिबलांनीं उतरावा लागतो. म्हणजे नऊ इंची विटांची भिंत असेल, तर केवळ ‘निम्मा झाला’ असें वाटावें म्हणून तिला तिपटीहून अधिक जड केली पाहिजे; पुन्हां निम्मा करावयाचा तर पुन्हां तेंच. शांतता ही वस्तु अशा चढत्या भावानें मिळते. म्हणूनच जाणते कारागीर जाड भिंत बांधण्याऐवजीं दोन पातळ भिंती एकमेकींपासून अंतर सोडून उभारतात व फटी बुजवितात, कारण किल्लीच्या भोंकाएवढी वाटसुद्धां आवाजाला पुरते. पण या दुसऱ्या भिंतीचाही एक छुपा खर्च आहे. त्याचा हिशेब पुढें येईल.

आतां अमेरिकेकडे वळलें पाहिजे, कारण खोली ही आवाजाच्या कारभारांत स्वतःच एक भागीदार आहे ही गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध झाली ती तेथें. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील फॉग कलासंग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलें होतें. तेथें उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही. तोंवर वक्ता पुढचें अर्धें वाक्य बोलून गेलेला असे आणि सगळ्याचा काला होऊन श्रोत्यांच्या कानीं पडे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं हें दुखणें वॉलेस क्लेमंट सेबिन या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे सोंपविलें. त्याच्यापाशीं उपकरणें होतीं तीं इतकींच: ऑर्गनची एक नळी, काळ मोजण्याचें एक यंत्र आणि स्वतःचे कान. रस्त्यावरील रहदारी थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, तो काम सुरू करी. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं वाहून आणावयाच्या, त्या थोड्या थोड्या मांडीत घुमारा किती कमी झाला तें मोजावयाचें, आणि सकाळीं नाट्यगृह उघडण्यापूर्वीं सगळ्या गाद्या जागच्या जागीं नेऊन ठेवावयाच्या, असा त्याचा व त्याच्या मदतनिसांचा क्रम होता.

त्याच्या काटेकोरपणाची एक हकिकत मोठी मनोरम आहे. आपल्या अंगावरील कपडे बदलले कीं मोजमापांत किंचित् फरक पडतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हां तीन हजारांहून अधिक नोंदी त्यानें रद्द केल्या आणि पुढील सर्व प्रयोग ठराविक एकाच पोशाखांत केले. १८९८ सालच्या शरद् ऋतूंत त्याला नियम सांपडला. तो साध्या शब्दांत असा: खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, खोलींत आवाज गिळणारे पदार्थ जितके अधिक तितका तो आंखूड. गिळण्याचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी घेतली, कारण उघड्या खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं. गादी, पडदा, लाकूड, गिलावा, प्रत्येक वस्तु किती उघड्या खिडकीइतकी, हें त्यानें मोजून काढलें. आणि त्या कोष्टकांत एक नोंद माणसाचीही होती! प्रेक्षकांत बसलेला प्रत्येक मनुष्य ०.४४ चौरस मीटर, म्हणजे सुमारें पावणेपांच चौरस फूट, उघड्या खिडकीएवढा आवाज गिळतो. या नियमाच्या आधारें बांधलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजीं उघडलें आणि आजही तें जगांतील उत्तमांत गणलें जातें.

सेबिनचें कोष्टक हातीं घेऊन आपल्याकडील एक साधी खोली मोजून पाहावी. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. भिंतींना गुळगुळीत गिलावा, खालीं फरशी, दारें-खिडक्या बंद. अशा रिकाम्या खोलींत घुमारा तीन सेकंदांहून अधिक भरतो. गायनाची तान स्पष्ट ऐकूं यावयाची तर तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणला पाहिजे, आणि त्यासाठीं दीडशें चौरस फूट उघड्या खिडकीइतका शोषक पदार्थ खोलींत आला पाहिजे. याचा अर्थ जवळ जवळ एक अख्खी लांब भिंत पाडून टाकण्यासारखें झालें. हें काम जाड लोकरीच्या किंवा काचेच्या धाग्यांच्या तक्त्यांनीं करतां येतें व त्याचे पैसे पडतात. परंतु त्याच खोलींत वीस माणसें दाटीवाटीनें बसलीं, तर दोनतृतीयांशाच्या जवळपास काम तीं माणसेंच करतात. उरलेलें गादी, लोड, तक्के आणि दाराचे पडदे भागवितात. म्हणजे ज्या दुरुस्तीसाठीं एकटा श्रोता सुतारास व कापडवाल्यास पैसे मोजतो, ती दुरुस्ती बैठकींतील शेजारी-पाजारी नुसते येऊन बसण्यानें फुकट करीत असत.

महाराष्ट्रांतील जुन्या बैठकींत ही विद्या कोणी पुस्तकांतून शिकलें नव्हतें. वाड्याच्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांचें छत, सतरंजीवर पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीला टेकून लोड, आणि गवयाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेले रसिक, एवढी ती सामग्री. मंडळी जमण्यापूर्वीं तंबोरे जुळवितांना खोली घुमे आणि मंडळी बसल्यावर आवाज ‘बसे’, हें गवयांच्या नित्य अनुभवाचें होतें. लुडविग राजानें खुर्च्या रिकाम्या केल्या तेव्हां हाच हिशेब त्यानें उलटा फिरविला होता.

ध्वनिमुद्रणाचें युग हिंदुस्थानांत १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिच्या मुद्रिकांनीं सुरू झालें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें रेडिओ केंद्र उघडलें, आणि वर्षाला दहा रुपये परवान्याचे भरले म्हणजे गाणें घरांत येऊं लागलें. तथापि या यंत्रांसाठीं येथील घरांत वेगळी खोली कोणी काढली नाहीं. ग्रामोफोन दिवाणखान्यांत, रेडिओ फळीवर, त्याच्यावर विणकामाचें आच्छादन, आणि त्याच्यापुढें घरचीं, शेजारचीं, जिन्यावर थबकलेलीं माणसें. चाळींत तर एका यंत्रावर मजलाभर श्रोते असत. जागा नव्हती हें कारण खरेंच. पण गर्दीनें भरलेल्या खोलीला दुरुस्तीची गरजही नव्हती.

इकडे इंग्लंडांत मात्र ऐकण्यासाठीं अगदीं स्वतंत्र खोली राखणारा एक विलक्षण मनुष्य निघाला. अरबांच्या बंडांतील कामगिरीनें जगभर गाजलेला टी. ई. लॉरेन्स कीर्तीला कंटाळून, नांव बदलून, रणगाड्यांच्या दलांत साधा शिपाई झाला होता. १९२३ सालीं त्यानें डॉर्सेट परगण्यांत छावणीजवळ क्लाउड्स हिल नांवाची एक पडकी झोंपडी भाड्यानें घेतली. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून मक्केस घडविलेला आपला सोन्याचा खंजीर त्यानें एका मित्रास विकला. पुढें हवाई दलांत असतां तो कराचीस व नंतर वायव्य सरहद्दीवरील मिरानशाह येथें होता. तेथें बराकींत बसून त्यानें होमरच्या ओडिसीचें इंग्रजी भाषांतर चालविलें, आणि १९३२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या भाषांतराच्या मेहनतान्यानें त्याच झोंपडीच्या पुढील सुधारणांस हात दिला. या घरांत स्वयंपाकघर नव्हतें, शौचकूप नव्हता, विजेचे दिवे नव्हते. परंतु वरच्या मजल्यावर संगीताची खोली होती, आणि तींत ई. एम. जिन या लंडनच्या कारागिराच्या बनावटीचा ग्रामोफोन होता. कागदाच्या लगद्यापासून घडविलेला त्याचा अजस्र कर्णा खोलीचा केवढा तरी भाग अडवून बसे.

काय ठेवावें आणि काय सोडावें याचा असा रोखठोक निवाडा फार थोड्या घरांत झाला असेल. शहाण्या गृहिणीनें या घराचा नकाशा पाहिला असता तर डोक्यावर हात मारून घेतला असता! पण या खोलीची एक गोष्ट विसरतां येत नाहीं. १९३३ च्या डिसेंबरांत लॉरेन्सनें संगीतकार एडवर्ड एल्गार यांस पत्र लिहून कळविलें, कीं त्यांची दुसरी सिंफनी या झोंपडींत नुकतीच ऐकली. ऐकणारे तिघे होते, एक खलाशी, एक रणगाड्यांच्या दलांतील शिपाई आणि तो स्वतः. लोकांपासून पळून आलेल्या या माणसानेंसुद्धां गाण्याला सोबती बोलाविलेच. दीड वर्षांनीं, १९३५ च्या मे महिन्यांत, मोटार-सायकलच्या अपघातानें त्याचा अंत झाला.

खोलींतील ही मंडळी पुढें पांगली त्याला एक यांत्रिक कारण घडलें. १९३१ सालीं इंग्लंडांतील अॅलन ब्लुमलाइन या अभियंत्यानें दोन मार्गांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या पद्धतीचें पेटंट मागितलें. १९५८ च्या सुमारास तशा तबकड्या बाजारांत सर्रास मिळूं लागल्या. दोन ध्वनिक्षेपकांतून आलेल्या आवाजाचा भास होऊन गवई उजवीकडे, तबलजी डावीकडे बसला आहे असें चित्र कानापुढें उभें राहतें खरें, पण तें नीट उभें राहतें एकाच ठिकाणीं, दोन्ही ध्वनिक्षेपकांपासून सारख्या अंतरावर. तेथें एक खुर्ची मावते. दुसऱ्यानें शेजारीं बसावें तर त्याला निम्मेंच गाणें मिळतें. या खुर्चीनें बैठक मोडली. आणि बैठक मोडतांच, सेबिनच्या कोष्टकांतील माणसांची नोंद पुसून तेथें तक्त्यांची, पडद्यांची व सुतारकामाची नोंद करावी लागली.

या वाटेनें माणूस किती दूर जाऊं शकतो याचें उदाहरण अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत घडलें. तेथील एका गृहस्थानें १९८० नंतरच्या दशकांत आपल्या साध्या घराला जोडून सुमारें सोळाशें चौरस फुटांचें ऐकण्याचें दालन बांधण्यास घेतलें. आकार युरोपांतील जुन्या संगीतगृहांसारखा पेटीवजा, विजेची जोडणी वेगळी, माणसाहून कितीतरी उंच ध्वनिक्षेपक स्वतः घडविलेले. आयुष्याचीं कित्येक वर्षें आणि अंदाजें दहा लक्ष डॉलर यांत गेले. २०२२ सालीं तो निवर्तला. त्यानंतर ती सर्व यंत्रसामग्री लिलावांत निघाली तेव्हां तिचे १,५६,८०० डॉलर आले. भिंती, जमीन व छत हीं काढून विकतां येत नाहींत; तीं घराबरोबर गेलीं.

आजच्या मुंबई-पुण्यांतील सदनिकांत अशी खोली करूं म्हणणाऱ्यापुढें मघां राखून ठेवलेला छुपा खर्च उभा राहतो. पंधरा बाय बारा फुटांच्या खोलींत चारही बाजूंनीं नऊ नऊ इंच सोडून आंतून दुसरी भिंत उभारली, तर एकशेंऐंशी चौरस फुटांतील अडतीस चौरस फूट नाहींसे होतात, म्हणजे पंचमांशाहून अधिक खोली. जेथें जागा चौरस फुटाच्या भावानें विकत घेतलेली असते, तेथें हा आंकडा तक्ते, दरवाजा आणि सुतार यांच्या एकत्रित बिलावर सहज मात करतो. आणि तो कोणत्याही बिलांत लिहिलेला नसतो. लिहितो तो कोणी असलाच तर घरांतील मुलगा, ज्याची अभ्यासाची मेज गॅलरींत गेलेली असते.

थोडक्यांत भागविणारे पुष्कळ आहेत. पुस्तकांनीं गच्च भरलेलें कपाट, भिंतीवर टांगलेली जाड गोधडी, खालीं सतरंजी व गादी यांनीं तंबोऱ्याचा झंकार आणि गळ्यांतील बारीक काम चांगलें सुधारतें, व खर्चही शेंकड्यांत राहतो. अडचण आहे ती खर्जाची. सेकंदाला चाळीस आंदोलनें करणाऱ्या आवाजाची लाट अठ्ठावीस फूट लांब असते. चार इंचांची गोधडी तिच्या खिजगणतींतही नसते. तीच गोष्ट थोड्याफार फरकानें डग्ग्याच्या घुमकेची. अमेरिकेंतील पॉल क्लिप्श यानें १९४० नंतरच्या दशकांत ध्वनिक्षेपक खोलीच्या कोपऱ्यांत बसवून दोन भिंतींकडूनच कर्ण्याचें काम फुकट करवून घेतलें व खर्ज मोठा केला. परंतु तो खर्ज खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतांतून उतरूं नये, यासाठीं जड फरशीच लागते, तिच्याखालीं रबराचे पाये लागतात आणि आधीं इमारतीच्या अभियंत्याचा होकार लागतो. हा खर्च कमी करण्याची युक्ति अजून कोणास साधलेली नाहीं.